ऑगस्टमधली कुलपं

आयोवातल्या आमच्या गावात गाडीला कुलूप लावायची पद्धत नाही. फक्त ऑगस्टमध्ये लावायचं, तेही रविवारी चर्चसमोर. नाहीतर शेवटच्या गीताच्या वेळी गावातली आर्डिस हळूच बाहेर सटकायची आणि परसात पिकलेल्या झुकिन्या, म्हणजे काकडीसारखी दिसणारी फळभाजी, आमच्या सीटवर ठेवून यायची. हाताएवढ्या लांब. कोण खाणार एवढ्या!

यंदा मार्चमध्ये आर्डिस गेली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कुणीच कुलूप लावलं नाही. तिचा नवरा व्हर्लिन चर्चच्या पायरीवर उभा राहून गाड्यांची रांग बघत होता.

"काय रे, यंदा कुलपं नाहीत?" त्याने विचारलं.

"आता कशाला लावायची?" माझा नवरा लीलंड बोलून गेला.

व्हर्लिनने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो निघून गेला. लीलंडने जीभ चावली.

आठवडाभर गावात फोन फिरले. पुढच्या रविवारी झाडून सगळ्यांनी कुलपं लावली. नुसती लावली नाहीत, व्हर्लिनच्या देखत दारं ओढून ओढून पाहिली.

"भित्रे लेकाचे!" व्हर्लिन म्हणाला.

शेवटच्या गीताला बाकावरची त्याची जागा रिकामी होती. बाहेर आलो तर प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर एकेक झुकिनी, आर्डिसच्यापेक्षाही बेढब. मला भरूनच आलं.

"डोळे पूस," लीलंड माझ्या कानाशी पुटपुटला. "आणि कुरकुर करत उचल. तो बघतोय."