लाल टोपी
क्रूझवर चढायला लहान मुलांचाही कोरोना रिपोर्ट निगेटिव्ह लागणार होता, आणि नेमकी सकाळपासून तेजसच्या अंगात कणकण होती. म्हणून कामिनीने धंतोलीतल्या लॅबमध्ये जुळ्यांपैकी फक्त ओजसला नेलं. त्याचा स्वॅब झाल्यावर जिन्यात तिने तेजसची लाल टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. "आई, पुन्हा मीच काहून?" "चूप. आता तू तेजस." पुन्हा आत गेल्यावर स्वॅब घेणारी मुलगी हसली. "तुझा भाऊ रडला, तू नको रडू बरं." ओजस मुठी आवळून बसला. घरी तिने तेजसला वेगळ्या खोलीत निजवलं. सासऱ्यांची बायपास झालेली, त्यांच्याच सत्तरीसाठी ही सहल होती. ओजसला त्यांच्याजवळ बिनधास्त झोपवलं. दुसऱ्या दिवशी जेवताना मोबाइल वाजला. दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह. दोन्ही ओजसचेच. तिने मान वर केली. समोर लाल टोपीतला ओजस आजोबांना आपला उष्टा घास भरवत होता.