आयर्लंडचे पूर्वज

निशिकांत मेलेल्या माणसांसाठी ताट मांडत होता, आणि काटा डावीकडे ठेवायचा की उजवीकडे यावरून बायकोशी हुज्जत घालत होता. ऋता म्हणाली, मेलेल्यांना कुठेही चालेल. निशिकांतला हा चावटपणा वाटला. गेली दोन वर्षं तो प्राचीन सेल्टिक लोकांच्या निसर्गधर्माचा साधक होता, आणि असल्या बाबतीत थट्टा त्याला खपत नसे.

तसा तो कोथरूडचा. नोकरी बँकेत, राहायला सिंगापुरात, बुकित बातोकच्या एका कॉन्डो सोसायटीत. आयर्लंडशी संबंध म्हणाल तर एकदा विमान चुकलं म्हणून डब्लिनच्या विमानतळावर बाकड्यावर काढलेली रात्र. पण तिथल्या वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागात कामाला असलेल्या डेक्लन नावाच्या आयरिश गृहस्थाच्या गटात तो शिरला आणि झाडांशी बोलू लागला. शास्त्राप्रमाणे ओक लागतो. तो सिंगापुरात नाही, म्हणून रेन ट्रीवर भागवायचं. पार्कातलं पान तोडलं तर दंड, म्हणून डोक्यावरचा मुकुट गळलेल्या पानांचा. मामाच्या गावी देवराईत चपला काढायला सांगितल्या तेव्हा हाच माणूस फिदीफिदी हसला होता.

तर एकतीस ऑक्टोबर हा त्यांचा मोठा दिवस. त्या दिवशी म्हणे पूर्वज घरी जेवायला येतात. यंदा तो मान निशिकांतच्या घराला मिळाला होता. अडचण एकच होती, आईची.

सुरेखाबाई महिन्यापूर्वी पुण्याहून आल्या त्या एकाच कामासाठी. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांचं वर्षश्राद्ध मुलाच्या हातून व्हावं एवढीच त्यांची इच्छा होती. निशिकांतनं पहिल्याच दिवशी हात झटकले. इथे वाढलेलं जेवण मेलेल्या माणसापर्यंत कुठल्या मार्गानं पोचतं ते मला समजावून सांग, मग करतो, म्हणाला.  सुरेखाबाई खोलीत जाऊन रडल्या. ऋतानं ते नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, दुःखाचीही एक प्रोसेस असते, त्यात आपण पडू नये.

मग आठवड्यापूर्वी या ताटाचं त्यांच्या कानावर आलं.

"ते आयर्लंडचे येतात होय रे जेवायला?" त्यांनी विचारलं.

"येतात, आई. हजारो वर्षांची परंपरा आहे ती."

"आणि आपले?"

आईच्या भाबडेपणाचं निशिकांतला हसू आलं. हे वेगळं आहे, हे सगळं निसर्गाशी जोडलेलं आहे, असं त्यानं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. सुरेखाबाईंनी मान डोलावली. तारीख मात्र दोनदा विचारून घेतली, आणि एकदम निवळल्याच. स्वयंपाक मी करीन म्हणाल्या. फक्त कार्यक्रम दुपारी ठेवा, संध्याकाळी मला उभं राहवत नाही. डेक्लनलाही ते पथ्यावरच पडलं. संध्याकाळी त्याच्या मुलांना हॅलोविनची चॉकलेटं मागत कॉन्डोभर हिंडायचं होतं.

आईला आपला मार्ग पटला, हे पाहून निशिकांतचा ऊर भरून आला.

शनिवारी दुपारी मंडळी जमली. निशिकांतनं पांढरा झगा घातला, त्यावर गटाचा हिरवा पट्टा डाव्या खांद्यावरून घेतला. आईनं तो सारखा करायच्या निमित्तानं उजव्या खांद्यावर टाकला. मेणबत्तीला पंख्याचा वारा लागतो म्हणून टेबलही फिरवून घेतलं. पश्चिमेला तोंड हवं अशी डेक्लननं शंका काढली, पण दक्षिणही चालत असावी, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं.

मग ज्यानं त्यानं आपापल्या मृतांना हाक मारायची होती. निशिकांतनं एका सेल्टिक देवतेचं अवघड नाव उच्चारासकट पाठ करून ठेवलं होतं. डेक्लननं मान हलवली. आपल्या रक्ताचं माणूस हवं, म्हणाला, ज्याचा हात धरून तू चालायला शिकलास असं.

निशिकांत गडबडला. "रवींद्र," तो म्हणाला.

मागे उभ्या असलेल्या आईनं हळूच आजोबांचं नाव सांगितलं, मग पणजोबांचं. त्यानं तीही घेतली. पणजोबांचं नाव तर तो आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होता. तीन पिढ्या, वा, असं डेक्लन पुटपुटला.

"या बाबा, जेवा," निशिकांत म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. वर्षभरापूर्वी पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत हा पठ्ठ्या फोनवर परतीचं विमान बघत उभा होता. आता तो ताटासमोर हुंदके देऊन रडत होता. बाबांची आठवण त्याला खरोखरच येत होती, आणि ते त्याला आत्ता कळत होतं.

पुढे प्रथेप्रमाणे सगळे मुकाट्यानं जेवले, लागेल ते खुणेनं मागून घेत. जाताना डेक्लननं त्याला मिठी मारली. इतका अस्सल विधी मी आयर्लंडमध्येही पाहिला नाही, म्हणाला. निशिकांत हवेतच गेला. हे आईला सांगायलाच हवं, म्हणून तो डोळे पुसत तिच्या खोलीकडे धावला.

दार अर्धवट उघडं होतं. सुरेखाबाई पुण्याला फोनवर मुलीशी, प्रणिताशी बोलत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"झालं गं बाबांचं श्राद्ध," त्या सांगत होत्या. "अगदी तिथीला, भर दुपारी, त्याच्याच हातून. भटजी तेवढा आयर्लंडचा मिळाला, पण खीर दोनदा मागून घेऊन जेवला हो बिचारा."