शनिवारचं वजन

वजनाचा मोठा काटा आडवा पाडल्यावर तिनं आधी हॉलचं दार लोटून घेतलं.

"अगं, तू काटे दुरुस्त करतेस? शोभतं हो!" दुकानातून तीच आलेली बघून मॅडम हसल्या होत्या. "फक्त पायाचं रबर बदल. आत हात घालायचा नाही, नाजूक वस्तू आहे. आणि चढून बघू नकोस, पुन्हा मोडेल."

तिनं रबर बदललं. मग मागचं झाकण उघडलं, आतला बोटभर स्क्रू हळूहळू फिरवला, झाकण लावलं आणि ग्रीसचे डाग पुसून टाकले. उद्या शनिवार. उद्या चाळीस बाया या काट्यावर चढणार होत्या. कित्येक आठवड्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पीसीओएस आणि इन्सुलिन रेझिस्टन्स असं निदान केलं आणि कागदावर एक ताट काढून दिलं. अर्ध्या भागात भाज्या, पाव भागात डाळ किंवा अंडी, उरलेल्या पाव भागात भात. जेवल्यावर चालायचं.

"उपाशी मात्र राहू नका," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन आहे तुमच्याकडे. शरीर त्याचं ऐकत नाही, एवढंच. त्याला धाकानं नाही, गोडीनं वळवायचं."

दोन महिन्यांत दोन किलो उतरले. पाळीसुद्धा वेळेवर आली. पण ताई वजन उतरवायच्या क्लासात जायची आणि तिथल्या मॅडमच्या ज्यूसवर होती.

"दोन महिन्यांत दोन? माझे पहिल्या आठवड्यात चार गेले! ते डॉक्टरचं ताट घाल चुलीत."

थोरल्या बहिणीचा शब्द तिला कधी मोडवला नव्हता. ताट सुटलं, ज्यूस सुरू झाला.

नाव नोंदवताना वजन बाहेरच्या छोट्या काट्यावर व्हायचं, मग दर शनिवारी हॉलमधल्या मोठ्या काट्यावर. पहिल्याच शनिवारी सगळ्यांचं उतरायचं, आणि जी जितकी जाड, तिचं तितकं जास्त. तिचेही चार गेले. टाळ्या पडल्या. पँटचं बटण काही सैल झालं नाही, पण आनंदाच्या भरात बटणाला कोण विचारतो?

तिसऱ्या आठवड्यात दुकानात काम करता करता ती चक्कर येऊन कोसळली. शुद्धीवर आल्यावर समोर होता तो अख्खा पाव तिनं खाल्ला. त्या शनिवारी किलोभर वाढलं.

मॅडमनी तिला काट्यावरून उतरूच दिलं नाही. "बघा गं! हिला पाळीचा त्रास म्हणे, इन्सुलिन म्हणे, हनुवटीवर केस येतात म्हणे. खरा रोग जिभेचा! चोरून खाते ही."

चाळीस बाया खो खो हसल्या. ताईसुद्धा हसली. घरी जाताना वर म्हणाली, "खरं सांग, चोरून खातेस ना?" बाकीच्यांचं हसणं तिनं गिळलं असतं. ताईचा हा प्रश्न गिळवेना. ताईच्या मनातून 'चोरटी' हा शब्द पुसायचा होता आणि मॅडमचं उट्टं काढायचं होतं, तेही चाळीस बायांसमोर.

रबर बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती मागच्या रांगेत उभी राहिली. पहिली ताई चढली. आठवडाभर नुसत्या ज्यूसवर असलेली ताई, आणि काट्यावर चार किलो जास्त.

"असं कसं?" ताई किंचाळली.

दुसरीचे साडेतीन वाढले. तिसरी रडायलाच लागली. चौथीनं चपला, घड्याळ, बांगड्या सगळं काढून पाहिलं. खरं सांगायचं तर मागच्या रांगेत तिला मजा वाटत होती.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांची नजर मागे गेली.

"हिनं! काल काटा हिच्याच हातात होता. आत हात घालू नको म्हटलं होतं मी. हिनं काटा बिघडवला!"

सगळ्या माना वळल्या.

"आत हात घातला होतास?" ताईनं विचारलं.

"घातला होता."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय!" मॅडमच्या जिवात जीव आला.

"माझ्यावरचा राग असा काढलास?" ताईचे डोळे भरले.

ती बाहेर गेली आणि दुकानाची ढकलगाडी आत घेऊन आली. गाडीत तपासणीचा शिक्का असलेली लोखंडी वजनं होती, वीस-वीस किलोची चार. एकेक उचलून तिनं काट्यावर ठेवलं. काटा ऐंशीवर थांबला.

बायांनी वाकून बघितलं. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

"बरोबर तर दाखवतोय," ताई म्हणाली. "मग काल तू केलंस तरी काय?"

"काल स्क्रूला हात लावायच्या आधी हीच वजनं ठेवून बघितली होती, ताई," ती म्हणाली. "तेव्हा शहात्तरच भरली होती."