मोकळा गुरुवार

रविवारी संध्याकाळी सावनीने एडिसनमधल्या आपल्या डब्यांच्या धंद्याचा येता आठवडा फळ्यावर मांडला. भाज्या, ऑर्डरी, डिलिव्हरी स्वतःकडे आणि शनिवारपर्यंतच्या पोळ्या नेहमीसारख्या आईकडे. नाशिकहून लेकीकडे राहायला आलेल्या आईला समुद्र दाखवायचा मात्र दर आठवड्याला राहून जात होता.

"आई, जमवलं बघ एकदाचं," सावनी खुशीत म्हणाली. "गुरुवारी दुपारनंतर सगळं कॅन्सल. तुला बीचवर नेते."

आईचं लाटणं थांबलं नाही. "मंगळवारी माझं विमान आहे ना गं," ती हळूच म्हणाली.

सावनीची मान खाली गेली. आईला वाटलं, लेकीला पोळ्यांची चिंता पडली.

"अगं, आठवडाभराच्या करून ठेवून जाते की मी."