चांगली प्लेट

दिगंबररावांच्या कानामागची खाच उघडून हणमंत मेकॅनिकने आठवणींची प्लेट काढली, खोडरबरने घासली आणि परत बसवली. तरी बोलता बोलता त्यांचं गोठणं थांबेना.

"काकू, बिघाड प्लेटमध्ये आहे की खाचेत, हे चांगली प्लेट लावल्याशिवाय कळायचं नाही. दोन मिनिटं तुमची द्या."

दुकानात नेहमी असंच करत. मंदाकाकू कचरल्या, पण नवऱ्याकडे बघून त्यांनी मान पुढे केली. प्लेट निघताच त्यांचा चेहरा एकदम निवळला.

ती लावल्यावर दिगंबरराव जराही अडखळले नाहीत.

"हौदाचं झाकण तू उघडं टाकलं होतंस, मंदा? आपली लेक केतकी माझ्यामुळे बुडाली म्हणून वीस वर्षं मी स्वतःला खात होतो, ते तू रोज बघत होतीस. आणि तू गप्प राहिलीस?"

"कोण केतकी?" काकूंनी हसून विचारलं.

खाच ठीक आहे, एवढं हणमंतला कळलं होतं. त्याने प्लेट काढायला घाईने हात पुढे केला, तसं दिगंबररावांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे माझ्याकडेच," ते म्हणाले. "केतकी गेल्यापासून ही हसली नव्हती रे."