यात्रेचं गवत

२०१९ साल होतं. जानेवारीतल्या एका दुपारी कुरुंद्याच्या माळाकडच्या शेतात पार्वतीबाई आणि त्यांचा मुलगा बालाजी दोन एकर गवतावरून भांडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीचंदचा जेसीबी येऊन ते गवत मुळासकट उपटणार होता.

“गाड्या बंद होऊन तीस वर्सं झाली, माय. लोक जीपनं जाऊन राहिले औंढ्याला. जीप काय गवत खाती?”

“नेम हाय तो. शिवरात झाल्याबिगर इळा लागत न्हाई.”

“मंग हळद लावायची सोडून बोअरचं पाणी काय उशाला घेऊन झोपू?”

नेम असा सांगितला जाई. महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या यात्रेला निघालेल्या बैलगाड्या या माळावर थांबत, बैल इथं चरत. म्हणून यात्रा होईपर्यंत एवढं गवत उभं ठेवायचं. बालाजी पाळण्यात होता तेव्हापासून हे ऐकत आला होता.

एके काळी हा सगळाच माळ होता. दिवाळीनंतर कंबरेइतकं कुसळीचं गवत पिवळं पडे आणि वारा सुटला की पार क्षितिजापर्यंत हलत राही. मग बोअर आले, ठिबक आलं. माळ नांगराखाली गेला. हळद लागली, ऊस लागला. पिवळं असं एवढंच राहिलं.

भांडण अर्ध्यात असताना बांधावर एक स्कूटी थांबली. वसमतच्या कॉलेजात शिकणारी साक्षी होती. गळ्यात दुर्बीण, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. ती शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होती. तिनं मोबाइलवर आकाशातून काढलेली दोन चित्रं दाखवली. एक तीस वर्षांपूर्वीचं, एक आत्ताचं.

“बघा ना आजी. हिरवं किती वाढलंय. आणि पक्षी मात्र दरवर्षी कमी. मला हेच समजत नाहीये.”

पार्वतीबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. जुन्या चित्रावर बोट ठेवलं.

“हे समदं पिवळं काय हाय?”

“ते पडीक, आजी.”

“पडीक कशाचं? गवत हाय ते.”

साक्षीनं चित्राकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, “रात्री हे पक्षी कुठं झोपतात ते शोधतेय. इथली मोठी झाडं दाखवता?”

“झाडाचं काय काम? सांज होऊ दे. बस.”

बालाजी रोज सांजेला डेअरीला दूध घालायला गावात जायचा. त्या दिवशी भांडण मिटलं नव्हतं म्हणून तो थांबला. साक्षीनं दुर्बीण बांधावरच्या लिंबाच्या शेंड्याला लावली.

सूर्य टेकला आणि उसाच्या पलीकडून पहिला पक्षी आला. लांब पंखांचा, जमिनीलगत तरंगणारा. मागून दुसरा. मग पाच. लिंबाकडे एकानंही पाहिलं नाही. गवतावर गोल गोल फिरले आणि एकेक करून टपाटप खाली उतरले. साक्षीची दुर्बीण खाली आली. ती मोजत राहिली. अडतीस.

“घारी?” बालाजी पुटपुटला.

“भोवत्या म्हणतात यांना. फार लांबून येतात, हिवाळ्यापुरते.”

तो गवतात चार पावलं गेला. त्याच्या पायातूनच एक फडफडत उठला, तसा तो दचकून मागं सरला.

“ताई, हे भुईवर झोपतेत?”

“म्हणजे झाडावर झोपतच नाहीत. उंच गवतच लागतं. मी वेड्यासारखी झाडं हिंडत होते. आता आठवतंय, तालुक्यातल्या दहा जागा बघितल्या, नऊ ठिकाणी गवतच उरलेलं नाही.”

बालाजीनं आईकडे पाहिलं. पार्वतीबाई गवताकडे बघत होत्या. त्यानं खिशातून फोन काढला.

“गोपीचंद, उद्या येऊ नको. न्हाई, तसं काही न्हाई. यात्रा होऊ दे.”

फोन ठेवून तो साक्षीला म्हणाला, “घारी झोपल्यात म्हणून सांगितलं असतं तर त्यानं गावभर हसू केलं असतं.”

पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

यात्रा झाली. जेसीबी त्या वर्षी आला नाही, पुढच्याही नाही. गोपीचंदनं तो विकून कनेरगाव नाक्यावर ढाबा टाकला. पार्वतीबाई २०२२ मध्ये गेल्या. साक्षी आता हिंगोलीला शिकवते. आपला प्रबंध लिहिताना तिनं या नेमावर एक प्रकरण लिहिलं आणि खात्री करावी म्हणून औंढ्याच्या संतरामबाबांना भेटली. त्यांनी चाळीस वर्षं यात्रेला गाडी हाकली होती.

“कुरुंद्याच्या माळावर?” नव्वदीचे बाबा बोळक्या तोंडानं हसले. “तिथं पाण्याचा थेंब न्हवता. बिनपाण्याच्या जागी बैल कोण सोडतं, पोरी? कदीच कोणी थांबलं न्हाई तिथं.”

साक्षीनं तिथूनच बालाजीला फोन लावला. बाबा काय म्हणाले ते सांगितलं.

“आज्याच्या तोंडून हा नेम मी बी कधी ऐकला न्हवता,” तो म्हणाला. “मायच सांगायची.”

बालाजीच्या शेतात आता तीन बाजूंनी हळद आहे. मागच्या महिन्यात त्याच्या सात वर्षांच्या सृष्टीनं विचारलं, बाबा, एवढं गवत काहून ठेवलं?

“यात्रेच्या बैलांसाठी,” बालाजी म्हणाला.