ताण नको

बाथरूमचा नळ पूर्ण सोडून कामिनीनं फोन कानाला लावला.

"काकी, आम्ही प्रकाशाले पोची गऊत," पलीकडून पुतण्या नवनीत बोलत होता. "भटजी येल शेतस. काकाले काही कळनं नही ना?"

"नही." तिनं आवाज आणखी खाली आणला. "तू तुन्हा बाबानं समदं नीट कर. आठली काळजी करू नको."

तापीकाठी प्रकाशा गावी आज भाईदासचं दहावं होतं. भाईदास म्हणजे तिच्या नवऱ्याचा, हेमकांतचा, थोरला भाऊ. बाप लवकर गेल्यावर त्यानंच हेमकांतला शिकवलं, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात चिकटवलं. केळीच्या बागेत पाणी देता देता तो कोसळला आणि गेला. इकडे हेमकांत हृदयविकाराच्या झटक्यातून उठून नुकताच घरी आला होता. "त्यांना ताण अजिबात नको," डॉक्टरांनी कामिनीला बाजूला घेऊन बजावलं होतं. "वाईट बातमी, वादावादी, फोन, काहीच नाही. सांभाळा."

ती सांभाळत होती.

नळ बंद करून ती बाहेर आली. अंगावर सुतकातही मोरपंखी साडी, हातात बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. हेमकांत खुर्चीत डोळे मिटून, पोटावर हात ठेवून बसला होता. दवाखान्यात शिकवलेला श्वासाचा व्यायाम तो न चुकता करायचा. अलीकडे तर सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ डोळे मिटून बसायचा.

सुरुवातीला त्यानं विचारलं होतं, "दादाले फोन लाव ना. येवाले पाहिजे व्हता आतेलोंग."

"त्यास्ना फोन बिघडी जायेल शे," ती म्हणाली होती. मग म्हणाली, गावच्या मंडळींबरोबर यात्रेला गेलेत. त्यानंतर त्यानं विचारणं सोडून दिलं. देवानंच ऐकलं, असं तिला वाटलं.

पण भेटायला येणारी माणसं थांबत नव्हती. प्रत्येकाला ती फाटकातच गाठायची, हात जोडायची, मगच आत सोडायची. सकाळी उठली की दात आवळून आवळून जबडा ठणकत असायचा. दर खेपेला मोटारसायकलला केळीचा घड बांधून आणणारा, उंबऱ्याबाहेरूनच हाक मारणारा तो जेठ गेला, आणि तिच्या डोळ्यांतून अजून पाणी आलेलं नव्हतं. नळ सोडूनही येत नव्हतं.

"फिरी येस," हेमकांतनं चपला घातल्या.

"लांब जाऊ नका. ऊन चढी ऱ्हायनं."

तो गेला. तिनं वरण लावलं, भाकरी थापल्या. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली तरी फाटक वाजलं नाही. एव्हाना तो केव्हाच परतायचा. ती दाराबाहेरच्या ओट्यावर आली. रस्त्यावर कोणी नव्हतं. फोन त्याच्याकडे नव्हताच. तो तिनंच कपाटात ठेवला होता.

शेजारच्या रंजनाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"आमना घरना दिसनात का तुम्हले?" कामिनीनं विचारलं.

"त्या वडाकडे जाताना दिसनात. काब्र वं? तुन्हं तोंड कितलं उतरी गयं!"

वडाखाली चार माणसं बसतात. कोणीतरी बोललं असेल. ऐकून तो तिथंच बसला असेल, छाती धरून. कामिनी तशीच निघाली. पायात चपला नाहीत हे डांबर तापलेलं लागल्यावर तिला कळलं. वड आला. खाली कोणी नव्हतं. झाडाला हात टेकून तिनं श्वास घ्यायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यावरच अडकत होता.

तेवढ्यात दुकानांकडच्या वळणावरून एक माणूस सावकाश चालत येताना दिसला. तिनं त्याच्यावरून नजर पुढं नेली आणि मग झटकन मागं आणली.

हेमकांत होता. डोकं पुरतं भादरलेलं. मिशीही काढलेली.

तो जवळ आला. दोघं घरी आली. तो पुढच्या दारानं आत गेला नाही. घराला वळसा घालून मागच्या अंगणातल्या दगडावर जाऊन बसला.

"आंघोयनं पानी काढ," तो म्हणाला.

तिनं बादली आणली. त्याच्या डोक्यावर तांब्या ओतताना निम्मं पाणी बाहेर सांडलं.

"तुम्हले कोनी सांगं?"

"तुन्हा तोंडनी. मी दादाना फोनबद्दल इचारं तवय. तवयपाईन दिन मोजी ऱ्हायनू."

"मंग बोलनात काब्र नही?"

हेमकांतनं तोंडावरचं पाणी हातानं निपटलं.

"तू मन्हासाठे इतला जीव मारी ऱ्हायनी व्हती," तो म्हणाला. "तुले काय सांगू?"

तिच्या हातातला तांब्या बादलीत बुडाला. तिला काढता येईना.

"रडी ले आते," तो म्हणाला. "माले काही व्हत नही."

ती त्याच्यासमोर ओल्या फरशीवर बसली. रडण्याऐवजी तिनं त्याचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं दाबली. ठोके जोरजोरात पडत होते. ते त्याचे होते की तिच्याच बोटांतले, हे तिला कळेना.